उद्या ईद की परवा?

दिवाळी कोणत्या तारखेला आहे हे घरातल्या भिंतीवर वर्षभर आधी छापून लटकलेलं असतं. ईदची तारीखही छापलेली असते, पण ती अंदाजाची. रमजानचा महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, याचा निकाल एकोणतिसाव्या रोजाला सूर्य मावळल्यावर, चंद्राची कोर दिसली की नाही यावर लागतो. आभाळ ढगाळ असलं तर चाँद कमिटीचे फोन सुरू होतात, कुठून साक्ष आली का याची विचारपूस होते आणि मशिदीतून घोषणा व्हायला कधी आठ वाजतात, कधी साडेनऊ. २०२२ मध्ये आपल्याकडे तीस रोजे पूर्ण झाले आणि ईद ३ मे रोजी आली. २०२३ मध्ये एकोणतीस रोजे, ईद २२ एप्रिलला. २०२४ मध्ये पुन्हा तीस, ११ एप्रिल. २०२५ मध्ये पुन्हा एकोणतीस, ३१ मार्च. या चार वर्षांत दोनदा घरातल्या बाईच्या हाती स्वयंपाकासाठी एकच रात्र आली, तीही दिवसभराच्या रोजानंतरची.

पन्नास-साठ माणसांची ऊठबस असलेला सण आहे आणि यजमानीण आदल्या रात्री नऊपर्यंत सांगू शकत नाही की उद्या पंगत आहे की रोजा. चाँद नाही दिसला तर तरावीहची नमाज आहे, पहाटे चारला सहरीसाठी उठायचं आहे. दिसला तर सकाळी पुरुष ईदगाहला निघायच्या आत घरात गोड शिजलेलं हवं. या दोन शक्यतांमध्ये चाँदरातीला घराघरांत जी धांदल उडते, तिला आपण सणाचा उत्साह म्हणतो. स्वयंपाकघरातून बघितलं तर ती बरीचशी टाळता येण्यासारखी दमछाक असते.

आमच्या घरात यावर एक साधा तोडगा निघाला. ईदच्या कामांचे दोन गट करायचे. चाँद दिसो न दिसो, जी कामं उरकून ठेवता येतात ती एका गटात. चाँद दिसल्याशिवाय ज्यांना हात लावता येत नाही ती दुसऱ्या गटात. दुसऱ्या गटात खरं पाहता तीनच गोष्टी उरतात: दूध, मटण आणि दम. बाकी सगळं पहिल्या गटात ढकलता येतं. पण ते ढकलायचं कधी, इथे खरी गोम आहे.

रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे तिसरा अशरा हा सगळ्यांत मोलाचा मानला जातो. एकविसावी, तेविसावी, पंचविसावी, सत्ताविसावी, एकोणतिसावी या ताक रातींमध्ये, म्हणजे विषम रात्रींमध्ये, शबे कद्र शोधायची असते. काही जण मशिदीत एतेकाफला बसतात. आणि नेमक्या याच दहा दिवसांत आपल्या बायका कुठे असतात? बाजारात. पडदे धुण्यात. शिंप्याच्या दुकानात, 'भैया, ब्लाऊज अब तक नै हुआ क्या' म्हणत. ज्या रात्री कुराण वाचत बसायची इच्छा वर्षभर मनात धरलेली असते, त्या रात्री पिस्त्याची सालं काढत बसावं लागतं. म्हणून माझं मत आता पक्कं झालं आहे: ईदचा किराणा विसाव्या रोजाच्या आत घरात आला पाहिजे. कपडे तर रमजान सुरू व्हायच्या आधीच, शाबानमध्ये शिवून घ्यावेत. शिंप्याचं डोकंही तेव्हा थंड असतं.

किराण्याच्याही आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे फित्रा. ईदची नमाज होण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळासकट, गरजूंना धान्य किंवा त्याची किंमत द्यायची असते. हनफी पद्धतीत साधारण पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा तेवढ्याचे पैसे. कोकणातले आपले शाफई लोक धान्यच देतात, बहुधा तांदूळ, माणशी अडीच-तीन किलो. यामागचा हेतू असा की ईदच्या दिवशी कुणाच्या घरी चूल थंड राहू नये. पण आपण फित्रा काढतो कधी? कितीतरी घरांत ईदच्या सकाळी, ईदगाहकडे जाताना, खिशातून. मला सांगा, ज्या बाईच्या हातात ईदच्या सकाळी साडेसातला पैसे पडतात, तिने शेवया कधी आणायच्या, दूध कधी आणायचं आणि मुलांना काय खाऊ घालून नमाजला धाडायचं? तिलाही चाँदरात आहे. तिच्याही घरी पाहुणे येतात. फित्रा रमजानमध्ये आधीही देता येतो. आम्ही विसाव्या रोजाला देतो, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना शेवया, साखर, तूप, सुका मेवा असं बांधून त्याच दिवशी. मावशींना ईदच्या दिवशी सुट्टी असते, भरपगारी. ज्या दिवशी आपल्याकडे सगळ्यांत जास्त भांडी पडतात त्याच दिवशी त्यांनाही आपल्या घरात असायला हवं, हे गैरसोयीचं आहे खरं. पण ती गैरसोय आपण आधी धरून चालायची. त्या दिवशीची भांडी कोण घासणार हे आमच्याकडे चाँद दिसण्याआधी ठरतं. नावं पुढे येतील.

आता किराणा. शीरखुर्मा या शब्दातच त्याची कृती आहे: फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. शेवया, मेवा हे सगळं नंतरचं. तरी आपल्याकडे शेवयांवरूनच बायकांची परीक्षा होते. केसासारख्या बारीक, भाजलेल्या शेवया मिळतात त्या घ्याव्यात, पण 'भाजलेल्या' म्हणून विकतात त्याही घरी तुपावर पुन्हा परताव्या लागतात. हे काम पंचविसाव्या रोजाच्या आसपास एका दुपारी करून, पूर्ण गार झाल्यावर, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं की आठवडाभर काही होत नाही. गरम असताना झाकण लावलं तर वाफ धरते आणि शेवया मऊ पडतात, एवढंच जपायचं.

बदाम-पिस्ते गरम पाण्यात टाकून सालं काढायची, फडक्यावर पसरून पंख्याखाली रात्रभर पूर्ण वाळवायची, मग काप करायचे. ओलसर राहिले तर डब्यात बुरशी धरतात, म्हणून हे काप फ्रिजमध्येच ठेवलेले बरे. चारोळी मात्र फार आधी आणू नये. ती लवकर खवट होते आणि एक चमचा खवट चारोळी पातेलंभर दुधाची वाट लावते. आणताना दोन दाणे घरच्यांपैकी रोजा नसलेल्या कुणालातरी, बहुधा घरातल्या लहान मुलाला, चावायला लावावेत. खारका आदल्या रात्री भिजवाव्या लागतात, आणि इथे चाँद पुन्हा मध्ये येतो. तर एकोणतिसाव्या रोजाला दुपारीच भिजत घालाव्यात. चाँद दिसला तर रात्री चिरून तुपात परतायला तयार. नाही दिसला तर पाणी काढून, चिरून फ्रिजमध्ये; एक दिवस काही बिघडत नाही. खारका तुपात परतून मगच दुधात घालायच्या, तेही दूध आटून झाल्यावर. ओला खजूर उकळत्या दुधात टाकला तर दूध फाटायची भीती असते. चाँदरातीला बारा वाजता सहा लिटर दूध फाटणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको.

प्रमाणाचा प्रश्न प्रत्येक नवी सून विचारते आणि प्रत्येक जुनी बाई 'अंदाजाने' असं उत्तर देते. अंदाजाने ही काही कृती नव्हे. आमच्या घरचं प्रमाण लिहून ठेवलेलं आहे: एक लिटर म्हशीचं दूध, पन्नास ग्रॅम बारीक शेवया, आठ-दहा खारका, बदाम-काजू-पिस्ते प्रत्येकी मूठभर, दोन चमचे चारोळी, शंभर ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे तूप. यातून लहान आठ वाट्या होतात. पन्नास वाट्यांना साडेसहा लिटर धरावं. साखर आधी कमीच घालायची, कारण खारकांची गोडी सावकाश उतरते. शिवाय घरात मधुमेहाची माणसं असतातच. त्यांच्यासाठी साखर घालायच्या आधी लिटरभर वेगळं काढून ठेवलं तर त्यांना 'आज एक दिवस चालतं' म्हणत वाटीभर साखर खाऊ घालायची वेळ येत नाही. खारकांचीही साखरच, हे त्यांनी लक्षात ठेवावं आणि अर्ध्या वाटीवर थांबावं.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकीला आवर्जून सांगते. सगळ्या शेवया एकदम दुधात घालू नका. सकाळी सातला पातळ, मखमली असलेला शीरखुर्मा अकराला खिरीसारखा होतो आणि दुपारी दोनला चमचा उभा राहतो. मेवा घातलेलं, आटवलेलं दूध एका पातेल्यात ठेवायचं. तुपात परतलेल्या शेवया डब्यात. पाहुण्यांची एक फळी आली की तेवढंच दूध छोट्या पातेल्यात गरम करायचं, शेवया घालायच्या, पाच मिनिटांत वाट्या भरायच्या. दुपारी तीनला आलेल्या पाहुण्यालाही सकाळसारखाच शीरखुर्मा मिळतो. उरलेल्या दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये. मार्च-एप्रिलच्या उन्हात ओट्यावर ठेवलेलं दूध दुपारपर्यंत टिकेल या भरवशावर राहू नये.

दुधाचं बोलायचं तर, चाँदरातीला सुट्या म्हशीच्या दुधाचा भाव चढतो आणि डेअरीपुढे पातेली घेऊन रांगा लागतात. त्यात उभं राहण्यापेक्षा नेहमीच्या दूधवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवावं: चाँद झाला तर सात लिटर, नाही झाला तर नेहमीचं एक, आणि सात दुसऱ्या दिवशी. दूधवाल्यांना याची सवय असते. कित्येकदा चाँदची बातमी त्यांनाच आपल्या आधी कळते.

इथे एक धार्मिक बारकावा फार उपयोगाचा आहे आणि तो बायकांना कुणी सांगत नाही. ईदुल फित्रला नमाजला निघण्याआधी काहीतरी गोड खाऊन जाणं ही सुन्नत आहे. पैगंबर साहेब विषम संख्येत खजूर खाऊन निघत असत. म्हणजे तीन खजूर पुरे. पहाटे सहाला पातेलंभर शीरखुर्मा तयार असलाच पाहिजे, असं बंधन कुठेही नाही. ते आपण आपल्यावर घालून घेतलं आहे. आमच्याकडे सकाळी टेबलावर खजुरांची बशी ठेवलेली असते. पुरुष आणि मुलं आंघोळ करून, इत्तर लावून, तीन-तीन खजूर खाऊन, पाणी पिऊन निघतात. शीरखुर्मा ते परत आल्यावर. यामुळे घरातल्या बाईला पहाटेचे दोन तास परत मिळाले. ते तास ती झोपून घालवते, याबद्दल कुणाची तक्रार असेल तर ती माझ्यापर्यंत आलेली नाही.

जेवणाचा बेत प्रत्येक भागाचा वेगळा. मराठवाड्यात, विशेषतः औरंगाबादेत, नान-खलियाची शान. कोल्हापूर-सांगलीकडे बिर्याणीबरोबर तांबडा-पांढरा असतोच. कोकणात तांदूळ आणि नारळाचं राज्य, सांदणं आणि नारळाचं दूध. सोलापूरकडे दालचा नसेल तर जेवण झालं असं कुणी मानत नाही. काहीही करा, पण थोडं करा. महिनाभर दिवसा रिकामं राहिलेलं पोट ईदच्या दुपारी एकदम बिर्याणी, कोर्मा, कबाब, शामी, डबल का मीठा असं सगळं घेऊ शकत नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांकडे कोण-कोण बसलेलं असतं ते एकदा बघून या. एक बिर्याणी, एक रस्सा किंवा दालचा, दह्याची कोशिंबीर आणि गोडाला शीरखुर्मा आहेच. यापेक्षा जास्त केलेला प्रत्येक पदार्थ पाहुण्यापेक्षा शेजारणीला दाखवायला असतो.

बिर्याणीचा हिशेब: एक किलो तांदूळ, दीड किलो मटण, आठ ते दहा माणसं. पंचवीस जण असतील तर तीन किलो तांदूळ. पण घरच्या शेगडीवर तीन किलो तांदळाचा एकच मोठा टोप दमावर ठेवू नये. खाली करपतो आणि वर दाणा टचटचीत राहतो. दीड-दीड किलोचे दोन टोप, खाली जाड तवा. तळलेला कांदा, ज्याला आपण बिरिस्ता म्हणतो, तो दोन-तीन दिवस आधी करता येतो. किलोभर कांदा तळला की मूठ-दोन मुठी होतो, तेव्हा दोन टोपांना तीन किलो तरी लागेल. आलं-लसणाचं वाटण, भाजून कुटलेला गरम मसाला, हिरवं वाटण, सगळं आधी. आणि गॅस सिलिंडर! भरलेला दुसरा सिलिंडर घरात आहे ना हे पंधराव्या रोजालाच बघून नंबर लावावा. ज्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, सोलापूरकरांना मी काय सांगावं, तिथे ईदच्या भांड्यांसाठी दोन पिंपं जास्तीची भरून ठेवायची आठवणही त्याच यादीत.

मटणाचं गणित चाँदवर. खाटीकभाईला वजन आणि तुकडे कसे हवेत हे आधी सांगून ठेवलं की चाँदरातीला फक्त पिशवी उचलायची. रात्री दहाला आलेलं मटण धुऊन, दही, मीठ, कच्च्या पपईचं वाटण आणि मसाला लावून अकराच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. फ्रिजमधली एक फळी त्यासाठी संध्याकाळीच रिकामी करायची. तीस रोजे झाले तर सगळं निवांत, दुपारी मटण आणता येतं. पण मग चव कशी बघायची? रोजा असताना गरज पडल्यास जिभेच्या टोकावर मीठ बघून थुंकून टाकायची मुभा आहे. हनफी फिकहच्या जुन्या किताबांमध्ये अशी गरज कोणती, याचं उदाहरण दिलेलं आहे: जिचा नवरा स्वभावाने वाईट आहे, मिठावरून कटकट करतो, अशी बाई. शेकडो वर्षांपूर्वीच्या फकीहांना आपल्या स्वयंपाकघरातलं सगळं ठाऊक होतं म्हणायचं.

एवढं सगळं झालं तरी खरा ताण पदार्थांचा नसतोच. तो असतो 'कधीही या' या दोन शब्दांचा. आपल्याकडे दावत देताना वेळ सांगणं उद्धटपणाचं वाटतं. 'अरे, घर तुमचं आहे, कधीही या.' मग कुणी साडेनऊला येतं, कुणी बाराला, कुणी चारला, कुणी रात्री नऊला, आणि शेगडी दिवसभर विझत नाही. माझ्या सासूबाईंची, अम्मींची, एक ईद मला आठवते. दुपारचे चार वाजले होते. पाहुण्यांची तिसरी की चौथी फळी जेवून गेली होती. मी त्यांना शोधत स्वयंपाकघरात गेले तर त्या ओट्याखाली चटईवर, भिंतीला टेकून झोपल्या होत्या. अंगावर सकाळचाच गाऊन, हाताला हळद. मोठ्या नणंदबाईंनी हौसेने आणलेली इरकल साडी पलंगावर घडी न मोडलेली पडून होती. तेवढ्यात दाराची बेल वाजली. त्या दचकून उठल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, 'दूध है ना गे?' एकोणतीस रोजे ठेवलेल्या बाईची ती ईद होती.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या घरात दोन नियम झाले. पहिला, सकाळी साडेसातनंतर घरात कांदा चिरायचा नाही. जे चिरायचं ते आदल्या रात्री चिरा, नाहीतर त्याशिवाय जेवा. दुसरा, वेळ सांगायची. सकाळी नऊ ते बारा फक्त शीरखुर्मा आणि काहीतरी खारं. जेवण एक वाजता, एकदाच, नातेवाईक आणि ज्यांना जेवायला बोलावलं आहे ते. संध्याकाळी पाच ते आठ शेजारी, ऑफिसची मंडळी, मुलांचे मित्र, पुन्हा शीरखुर्मा. अम्मींना पहिल्यांदा हे पटलं नाही. 'लोगां क्या बोलेंगे?' लोग काही बोलले नाहीत. उलट वेळ कळल्यामुळे त्यांना आपली बाकीची घरं आखता आली, कारण ईदच्या दिवशी प्रत्येकालाच सात-आठ घरी जायचं असतं आणि प्रत्येक घरी 'इतकंसं तरी खा' असतं. बारा ते एक या वेळात अम्मी आंघोळ करून नवी साडी नेसतात. पहिल्या पंगतीत बसतात. हे ठरवून, सांगून, पहिल्या वर्षी जवळजवळ हाताला धरून बसवावं लागलं.

कामाच्या वाटणीची यादी फ्रिजवर चिकटवलेली असते. खजूर, इत्तर, ईदीसाठी कोऱ्या नोटा, खाटीक, दूधवाला ही कामं नवऱ्याची. मेव्याचे काप आणि वाट्या-चमचे मोजणं मोठ्या मुलाचं. भांडी, ज्याचा उल्लेख वर राहिला, ती दोन्ही दीर आणि त्यांची पोरं. कागदी वाट्या आणल्या की भांडी निम्मी होतात, पण काच किंवा चिनी मातीच्या वाटीतल्या शीरखुर्म्याची सर त्याला नाही, असं दिरांचं म्हणणं आहे. त्यांनीच घासायच्या असल्यामुळे आम्ही वाद घातला नाही.

आपल्याकडच्या ईदचे निम्मे पाहुणे हिंदू शेजारी, मित्र, सहकारी असतात, आणि त्यांचा विचार बेत ठरवतानाच करावा लागतो, दारात आल्यावर नाही. मी मुद्दाम वार बघितले. २०२२ ची ईद मंगळवारी होती आणि त्याच दिवशी अक्षय्य तृतीया. २०२३ ची शनिवारी, पुन्हा अक्षय्य तृतीयेलाच. २०२४ ची गुरुवारी, गुढीपाडवा होऊन दोन दिवस झालेले. २०२५ ची सोमवारी, आदल्या दिवशीच पाडवा. मंगळवार, शनिवार, गुरुवार, सोमवार! कुणाचा गणपतीचा वार, कुणाचा मारुतीचा, कुणाचा दत्ताचा, कुणाचा महादेवाचा. शिवाय काही घरांत चैत्रातलं रामाचं नवरात्र. शाकाहारी पाहुण्यापुढे नुसती शीरखुर्म्याची वाटी ठेवून 'तुमचं काय, तुम्ही खात नाही ना' असं म्हणणं मला कधीच बरं वाटलं नाही. म्हणून शाकाहारी स्वयंपाक सगळ्यांत आधी, सकाळी, वेगळ्या पातेल्यात आणि वेगळ्या तेलात होतो. भाज्यांची बिर्याणी किंवा मटार पुलाव, मटण न घातलेला दालचा, पुऱ्या. त्याचे डाव-चमचेही वेगळे. आणि हे पाहुण्याने विचारायची वाट बघायची नाही. ताट वाढतानाच सांगायचं, 'वहिनी, हे सगळं वेगळं केलंय, निर्धास्त जेवा.' विचारायला माणूस संकोचतो, आणि संकोचलेला पाहुणा पाणी पिऊन उठतो. वर शेजारच्या काकू पाडव्याला पुरणपोळीचा डबा पाठवतात, तो आमच्याकडून रिकामा परत जात नाही. पाडवा आणि ईद लागोपाठ आल्या त्या वर्षी तो डबा दोन दिवसांत तीनदा जिना चढला-उतरला.

उरलेल्या अन्नाचंही आधी ठरवून ठेवावं. उन्हाळ्याच्या दुपारी शिजवलेली बिर्याणी तास-दीड तासापेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये. भात आणि मटण दोन्ही त्या उष्म्यात लवकर बिघडतात, आणि वासाने ते कळेलच असं नाही. पंगत उठली की उरलेली बिर्याणी पसरट डब्यांत, पातळ थर करून, लगेच फ्रिजमध्ये. टोपच्या टोप तसाच आत ठेवला तर मधला भात तासन्‌तास कोमट राहतो. ज्यांना द्यायची आहे त्यांना ताजी असतानाच द्यावी. रात्री दहाला, आपल्याला नकोशी झाल्यावर नव्हे. दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, तीच बिर्याणी वाफ येईपर्यंत नीट गरम करून घरच्यांनी खायची. त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाक होत नाही. बायका माहेरी जातात.

आणि एक वही. बासी ईदच्या संध्याकाळी, आठवण ताजी असताना, दोन पानं लिहून ठेवते: किती माणसं आली, किती दूध आणलं, किती उरलं, कुणाला काय चालत नाही, कोणत्या दुकानच्या शेवया गचका झाल्या. २०२५ च्या पानावर लिहिलं आहे, 'साडेसहा लिटर पुरलं. काप कमी पडले. पुऱ्या जास्त झाल्या. कोशिंबिरीला काकडी आदल्या दिवशी चिरू नये, पाणी सुटतं.' ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होणार आहे, जानेवारीत आणि डिसेंबरात. तेव्हाची ईद थंडीतली असेल, दूध ओट्यावर जरा जास्त टिकेल, पाहुणे गरम शीरखुर्म्याची दुसरी वाटी मागतील. त्या वर्षासाठी वहीत आत्ताच एक ओळ लिहून ठेवली आहे: दूध आठ लिटर.